शर्यत वेगाची, पाणी सर्वांचे

पॉवरबोट शर्यतीला परवानगी देताना चर्चा होते ती पर्यटनाची. त्या काळात इतर नौकांनी कोठे जावे आणि कोठे थांबावे, हे सांगणारी व्यवस्था मात्र अनेक कायद्यांत आणि कचेऱ्यांत विखुरलेली आहे.

नोव्हेंबर 2018 मध्ये विजयवाड्याजवळ कृष्णेच्या पात्रात फॉर्म्युला वन दर्जाच्या पॉवरबोटींची जागतिक शर्यत झाली. अमरावती या नियोजित राजधानीचे नाव जगभर पोचविण्याची ती संधी तत्कालीन आंध्र सरकारने उत्साहाने साधली. त्याआधी मार्च 2017 मध्ये मुंबईत मरीन ड्राइव्हसमोरच्या पाण्यात पॉवरबोटींची आंतरराष्ट्रीय स्पर्धा रंगली होती. या दोन शर्यतींच्या दरम्यान, 12 नोव्हेंबर 2017 रोजी, त्याच कृष्णेत विजयवाड्यानजीक पवित्र संगमम येथे पर्यटकांची एक बोट उलटली आणि वीसहून अधिक माणसे बुडाली. ती बोट परवानगीविनाच प्रवासी नेत होती.

प्रश्न त्या दोन स्पर्धांच्या यशापयशाचा नाही. जागतिक शर्यत भरविण्याची क्षमता आणि साधी प्रवासी बोट परवान्याविना सुटणार नाही हे पाहण्याची क्षमता, या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, हे कृष्णेने दाखवून दिले. पहिलीसाठी पैसा आणि प्रसिद्धी पुरते, तर दुसरीसाठी रोजचे प्रशासन लागते. शर्यतीच्या दिवसांत या दोन्हींची गाठ एकाच पाण्यावर पडते आणि खरी कसोटी तेथेच लागते.

दहा सेकंदांचा हिशेब

या वर्गातील बोट सुमारे 6 मीटर लांब आणि 400 किलोच्या आतबाहेर वजनाची असते. तिचा वेग ताशी 220 किलोमीटरच्या पुढे जातो आणि तिला ब्रेक नसतो. ताशी 220 किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे 61 मीटर. साधी प्रवासी लाँच 8 नॉट वेगाने चालली, तर सेकंदाला जेमतेम 4 मीटर कापते. लाँचच्या तांडेलाला शर्यतीची बोट 600 मीटरवर आपल्या रोखाने येताना दिसली, तर त्याच्या हाती साधारण दहा सेकंद उरतात. तेवढ्या अवधीत त्याची लाँच 40 मीटर सरकेल, तीही सुकाणूने लगेच साथ दिली तर.

हा हिशेब पाहता टक्कर टाळण्याची जबाबदारी तांडेलाच्या डोळ्यांवर आणि अनुभवावर सोपविता येत नाही. शर्यतीचे पाणी आणि वाहतुकीचे पाणी आधीच वेगळे करावे लागते. पॉवरबोट खेळाचे जागतिक नियमन करणारी संस्था, म्हणजे मोनाको येथील आंतरराष्ट्रीय मोटरनौका संघटना, स्पर्धकांची सुरक्षा, बचावनौका आणि वैद्यकीय पथके यांविषयी तपशीलवार नियम करते. परंतु बाजूने जाणाऱ्या फेरीबोटीला, जाळे टाकून बसलेल्या कोळ्याला किंवा वाळू वाहणाऱ्या होडीला थांबविण्याचा अधिकार कोणत्याही क्रीडा संघटनेला नाही. तो अधिकार राज्यसंस्थेचा आहे.

अधिकार कोणाचा?

राज्यसंस्थेत तो नेमका कोणाकडे, हे मात्र सरळ सांगता येत नाही. राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टात खेळ आणि करमणूक हे विषय राज्यसूचीत आहेत. सार्वजनिक सुव्यवस्था, पोलीस आणि मत्स्यव्यवसाय हेही राज्यांकडेच आहेत. संसदेने राष्ट्रीय जलमार्ग म्हणून घोषित केलेल्या पाण्यावरील यांत्रिक नौकांची वाहतूक आणि तेथील वाहतुकीचे नियम हा केंद्राचा विषय आहे, तर इतर अंतर्गत जलमार्गांवरील यांत्रिक नौकांची वाहतूक समवर्ती सूचीत मोडते. प्रमुख बंदरे केंद्राकडे आणि इतर बंदरे समवर्ती सूचीत आहेत. कृष्णेचा वझिराबाद ते विजयवाडा हा पट्टा राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक 4 चा भाग आहे. तेथे शर्यत हा खेळ म्हणून राज्याचा विषय ठरतो, पण तिच्यासाठी वाहतूक थांबविणे हा प्रश्न केंद्राच्या क्षेत्राला भिडतो.

मुंबईच्या पाण्यावर तर बंदर प्राधिकरण, महाराष्ट्र सागरी मंडळ, नौदल, तटरक्षक दल आणि सागरी पोलीस अशा अनेक यंत्रणांचा वावर आहे. 1917 च्या जुन्या कायद्याची जागा घेणारा 2021 चा अंतर्देशीय नौका कायदा नोंदणी, तपासणी, चालकांची पात्रता, विमा आणि अपघातचौकशी यांवर भर देतो. 2025 चा भारतीय बंदरे कायदा बंदरांच्या कारभारापुरता आहे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने 2017 मध्ये नौकासुरक्षेविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या, पण त्यांची अंमलबजावणी शेवटी राज्यांच्या इच्छेवर राहते. उरतो तो जिल्हादंडाधिकाऱ्याचा मनाई आदेश. पूर्वी तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 144 खाली निघे, जुलै 2024 पासून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 163 खाली निघतो. जमाव पांगविण्यासाठी ओळखले जाणारे हे हत्यार जलवाहतुकीच्या नियोजनासाठी वापरावे लागणे, यातच उणिवेची कबुली आहे.

समुद्रात तर आणखी एक विसंगती समोर येते. टक्कर टाळण्यासाठीच्या 1972 च्या आंतरराष्ट्रीय नियमांत शर्यतीच्या बोटीला कोणताही विशेषाधिकार नाही. प्रत्येक नौकेने सतत टेहळणी ठेवावी, सुरक्षित वेगाने जावे आणि यांत्रिक नौकेने मासेमारीत गुंतलेल्या नौकेपासून दूर राहावे, असे ते नियम सांगतात. म्हणजे कायद्याने पाणी बंद केलेले नसेल, तर जाळे टाकून बसलेल्या कोळ्याच्या होडीला वाट देण्याचे कर्तव्य कोट्यवधींच्या शर्यतीतील बोटीचे ठरते. बंदरे, नद्या आणि तलावांसाठी स्थानिक प्राधिकरणाने विशेष नियम करावेत, अशी सोय याच नियमावलीत आहे. ती वापरणे प्रशासनाच्या हाती आहे.

सराव अधिक धोक्याचा

मुंबई बंदरात 18 डिसेंबर 2024 रोजी जे घडले त्याचा शर्यतीशी संबंध नव्हता. तरीही या चर्चेत ते टाळता येणार नाही. गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या 'नीलकमल' या फेरीबोटीवर इंजिनाची चाचणी घेत असलेली नौदलाची वेगवान नौका आदळली आणि 15 जणांचे प्राण गेले. वेगवान नौकेवरील नियंत्रण सुटले हे जितके खरे, तितकेच हेही खरे की फेरीबोटीत परवान्याहून अधिक प्रवासी होते. वेगाची चाचणी आणि प्रवासी वाहतूक एकाच पाण्यात, एकाच वेळी चालू होती. दोन्हींमध्ये अंतर राखणारी रेषा नव्हती.

पॉवरबोट शर्यतीच्या संदर्भात हा धडा थेट लागू पडतो. अंतिम शर्यत तास-दोन तासांची असते, पण तिच्या आधी सराव, इंजिनचाचण्या आणि पात्रता फेऱ्या होतात. अंतिम शर्यतीच्या वेळी बंदोबस्त असतो, कॅमेरे असतात, मंत्रीही असतात. बोटी मात्र सरावातही त्याच वेगाने धावतात. म्हणून बंदीचे पाणी आणि बंदीची वेळ ठरविताना पहिल्या इंजिनचाचणीपासून मोजणी व्हायला हवी.

प्रेक्षकांच्या बोटी

दुसरा धोका पाहणाऱ्यांचा. किनाऱ्यावर जागा उरली नाही की लोक बोटी भाड्याने घेतात आणि बोटवालाही दोन पैसे अधिक मिळतील म्हणून चार माणसे जास्त घेतो. अशा बोटीत शर्यत पाहण्यासाठी सगळे एकाच कडेला धावले तर काय होते, हे केरळमधील थेक्कडीने 30 सप्टेंबर 2009 रोजी दाखविले. वन्यप्राणी दिसले म्हणून प्रवासी एका बाजूला सरकले आणि सरकारी पर्यटन महामंडळाची दुमजली बोट कलंडली. 45 पर्यटक मृत्युमुखी पडले. शर्यतीत तर दर मिनिटाला नजर या टोकाकडून त्या टोकाकडे वळते. प्रेक्षकांच्या बोटींना ठरलेली जागा, ठरलेली संख्या आणि नांगर टाकून उभे राहण्याची सक्ती हवी. वरच्या मजल्यावर किती माणसे उभी राहतील, हेही आधीच ठरलेले असावे.

तिसरा धोका सहज दिसत नाही. तो बोटीमागे उठणाऱ्या लाटांचा. 1952 मध्ये स्कॉटलंडमधील लॉक नेस तलावात जॉन कॉब यांची बोट ताशी 200 मैलांचा वेग ओलांडल्यानंतर फुटली आणि त्यात त्यांचा अंत झाला. साथीच्या एका नौकेने उठविलेल्या लाटांचा तो आघात होता, असे दीर्घकाळ मानले गेले. नंतर बोटीच्या बांधणीतील दुबळेपणाकडेही बोट दाखविले गेले. कारण काहीही असो, त्या वेगाला किरकोळ लाटही खडकासारखी लागते, हे या खेळात सर्वमान्य आहे. उलट बाजूने पाहिले, तर बचावनौका, पाहुण्यांच्या बोटी आणि पोलिसांच्या लाँच वेगाने फिरल्या की नदीकाठच्या लहान होड्या हेलकावतात. म्हणून शर्यतमार्गाभोवती सर्वच नौकांना, अधिकाऱ्यांच्या नौकांनाही, लाटा न उठतील इतक्या वेगाचे बंधन आवश्यक ठरते.

अन्यत्र काय होते

अमेरिकेत अशा कार्यक्रमांसाठी तटरक्षक दलाची नियमावली आहे. नव्या कार्यक्रमासाठी आयोजकाने 135 दिवस आधी अर्ज करावा लागतो. दरवर्षी ठरल्याप्रमाणे होणाऱ्या कार्यक्रमांसाठी ही मुदत 60 दिवसांची असते. अर्जात स्पर्धक नौकांबरोबर प्रेक्षकांच्या नौकांचाही अंदाज द्यावा लागतो. आयोजक गस्तीसाठी किती नौका पुरविणार, हे सांगावे लागते. स्पर्धक, अधिकारी आणि प्रेक्षक यांच्या जागा दाखविणारा नकाशा जोडावा लागतो. आवश्यक तेथे त्या पाण्यापुरता विशेष नियम काढून तो नाविकांना आगाऊ कळविला जातो. प्रत्यक्ष पाण्यावर गस्तप्रमुख नेमला जातो आणि त्याचा शब्द सर्वांना बंधनकारक असतो. या पद्धतीत खर्चिक तंत्रज्ञान काही नाही. मुदत, नकाशा आणि एक जबाबदार अधिकारी, एवढेच तिचे मर्म आहे.

देशात याचा अनुभव अगदीच नाही असे नव्हे. अलप्पुळ्याच्या पुन्नमडा तलावातील नेहरू करंडक शर्यत वल्ह्यांच्या नौकांची असली, तरी त्या दिवशी हाउसबोटी आणि मोटरबोटी शर्यतमार्गात येऊ नयेत म्हणून जिल्हा प्रशासन आधीच आदेश काढते आणि घुसणाऱ्यांवर कारवाई करते. पंडित नेहरूंच्या 1952 मधील भेटीपासून रुजलेल्या या परंपरेने स्थानिकांनाही ती शिस्त अंगवळणी पाडली आहे. मात्र त्याच केरळमध्ये 7 मे 2023 रोजी तानूर येथे मासेमारीच्या बोटीत फेरफार करून बनविलेली पर्यटक बोट उलटून 22 जण बुडाले. सणाच्या दिवशीची शिस्त रोजच्या दिवशी टिकत नाही, हे त्यातून दिसते.

केंद्राची भूमिका

यावर नवा कायदा हाच उपाय आहे असे नाही. बंदरे, नौवहन व जलमार्ग मंत्रालयाने राज्ये, सागरी मंडळे आणि अंतर्देशीय जलमार्ग प्राधिकरण यांच्याशी चर्चा करून एक आदर्श नियमावली तयार करावी आणि राज्यांनी ती अधिसूचित करावी, इतके तरी लगेच होऊ शकते. आयोजकाचा अर्ज एकाच खिडकीत यावा आणि शर्यतीच्या काळात पाणी बंद करण्याचा, उघडण्याचा आणि शर्यत थांबविण्याचा अधिकार नावानिशी नेमलेल्या एकाच अधिकाऱ्याकडे असावा. शर्यत संपली म्हणजे पाणी मोकळे झाले असे नव्हे. बोया, दोर आणि फुटलेल्या बोटींचे तुकडे हटविल्यानंतरच वाहतूक सुरू करण्याची घोषणा व्हावी. फेरीबोटींसाठी ठराविक वेळा आणि रुग्ण नेणाऱ्या नौकेसाठी कायम मोकळी वाट ठेवावी.

सूचना कोणत्या भाषेत द्यायची, हा प्रश्न लहान वाटला तरी महत्त्वाचा आहे. कोकणातील अनेक मच्छीमार नौकांवर आज परप्रांतीय आणि नेपाळी खलाशी आहेत. वर्तमानपत्रातील एका जाहीर सूचनेने किंवा केवळ राज्यभाषेतील फलकाने त्यांच्यापर्यंत बंदीची वेळ पोचत नाही. ती मच्छीमार सोसायट्यांत, धक्क्यांवर आणि नौकांच्या बिनतारी संचांवर त्यांना समजेल अशा भाषेत सांगितली गेली पाहिजे.

शेवटचा मुद्दा पोटाचा. तीन दिवस पाणी बंद म्हणजे तीन दिवस होडी किनाऱ्याला. आयोजकाला प्रायोजक मिळतात, सरकारला प्रसिद्धी मिळते आणि हॉटेलांना गिऱ्हाईक मिळते. होडीवाल्याच्या वाट्याला येतो तो पोलिसांचा दंडुका. बुडालेल्या रोजगाराची भरपाई परवान्याची अट म्हणून आयोजकाकडून आधीच जमा करून घेतली, तर बंदीला होणारा विरोध ओसरेल आणि चोरून पाण्यात उतरणाऱ्यांची संख्याही घटेल. भरपाई हा सुरक्षेचाच एक भाग आहे, हे ध्यानात घेतले जात नाही.

नदीकाठच्या आणि किनाऱ्यावरच्या शहरांची नावे जगाच्या नकाशावर नेण्याची राज्यांमधील चढाओढ यापुढेही राहणार. परवानगीची फाइल आंध्र, केरळ वा महाराष्ट्रातील एखाद्या जिल्हाधिकाऱ्याच्या टेबलावर येईल, तेव्हा तिच्यात उद्घाटनाचा कार्यक्रम असेल, वाहनतळाचा आराखडाही असेल. पाण्याचा नकाशा आणि त्या पाण्याला जबाबदार असलेल्या अधिकाऱ्याचे नाव नसेल, तर ती फाइल परत पाठविण्याचे धैर्य त्याला नियमानेच मिळाले पाहिजे.