व्यासपीठावरचा ईश्वर

जानेवारी २०२० मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी परभणी जिल्ह्यातील पाथरीचा साईबाबांचे जन्मस्थान म्हणून उल्लेख केला आणि तिच्या विकासासाठी १०० कोटी रुपये जाहीर केले. तेवढ्यावरून शिर्डीने बंद पाळला. सत्ताधाऱ्याच्या मुखातून श्रद्धेविषयी निघालेला शब्द साधा राहत नाही, याचा तो प्रत्यय होता.

असे काही घडले की, आपल्याकडील पुरोगामी मंडळी धर्म आणि राजकारण यांची फारकत करण्याचा उपदेश करतात. त्यासाठी दाखला दिला जातो तो बहुधा पाश्चात्त्यांचा. हा दाखला एकदा तपासून पाहायला हवा. अमेरिकेच्या राज्यघटनेतील १७९१ची पहिली दुरुस्ती शासनाला अधिकृत धर्म स्थापण्यास मनाई करते. पण त्याच देशाचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांनी १७८९ मध्ये बायबलवर हात ठेवून शपथ घेतली होती आणि ती प्रथा आजही बहुतांशी पाळली जाते. १९५४ मध्ये तेथील ध्वजप्रतिज्ञेत ईश्वराचा उल्लेख आला. १९५६ मध्ये ‘ईश्वरावर आमचा विश्वास आहे’ या अर्थाचे वचन राष्ट्राचे ब्रीद ठरले.

मग हे ख्रिस्ती राज्य म्हणायचे काय? समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट बेल्ला यांनी १९६७ मध्ये या प्रश्नाचे मार्मिक उत्तर दिले. रूसोने १७६२ मध्ये मांडलेली ‘नागरी धर्मा’ची कल्पना त्यांनी अमेरिकेला लावली. केनेडी हे कॅथलिक होते. तरी १९६१ च्या शपथविधीच्या भाषणात त्यांनी ईश्वराचे नाव घेतले, येशूचे नाही. बलिदान, पुनर्जन्म, ईश्वराने दिलेली भूमी या कल्पना बायबलमधल्याच. पण भाषणात त्या चर्चच्या राहत नाहीत, राष्ट्राच्या होतात. राज्यघटना, हुतात्म्यांची स्मारके आणि शपथविधी ही या धर्माची पूजास्थाने ठरतात.

मात्र एकाच परंपरेतून दोन अगदी भिन्न वाणी उमटू शकतात. ४ मार्च १८६५ रोजी यादवी युद्धातील विजय दृष्टिपथात असताना लिंकन यांनी आपल्या पक्षाचा जयघोष केला नाही. दोन्ही बाजू एकच बायबल वाचतात, एकाच ईश्वराची प्रार्थना करतात, असे सांगून हे युद्ध गुलामगिरीच्या पापाबद्दल दोघांनाही मिळालेली शिक्षा असू शकेल, असे त्यांनी सुचवले. याउलट १६ सप्टेंबर २००१ रोजी जॉर्ज बुश यांनी दहशतवादाविरुद्धच्या लढ्याला मध्ययुगीन ख्रिस्ती मोहिमांची आठवण करून देणारा ‘क्रूसेड’ हा शब्द वापरला. त्याबद्दल त्यांच्या प्रवक्त्याला खेद व्यक्त करावा लागला. लिंकन यांच्या तोंडी ईश्वर आला तो सत्तेची मान लववण्यासाठी. बुश यांच्या त्या शब्दाने मात्र ती ताठ झाली.

आपल्या घटनाकारांना हा भेद ठाऊक होता. १७ ऑक्टोबर १९४९ रोजी हरि विष्णु कामत यांनी उद्देशिकेचा आरंभ ईश्वराच्या नावाने व्हावा, अशी दुरुस्ती मांडली. ईश्वर हा मतदानाचा विषय करू नये, अशी विनवणी त्यांना झाली. तरीही मतदान झाले आणि ४१ विरुद्ध ६८ मतांनी दुरुस्ती फेटाळली गेली. ईश्वर मात्र हद्दपार झाला नाही. ‘ईश्वरसाक्ष’ शपथ घ्यावी की गांभीर्यपूर्वक दृढकथन करावे, ही निवड तिसऱ्या अनुसूचीने ज्याच्या त्याच्या विवेकावर सोपवली.

हाच निकष आपल्याही वक्त्यांना लावला पाहिजे. राज्यघटनेबद्दलची श्रद्धा किती उत्कट असते, हे परभणीने अनुभवले आहे. १० डिसेंबर २०२४ रोजी तेथे डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्यासमोरील राज्यघटनेच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. त्यानंतर शहर पेटले आणि अटकेतील एका तरुणाचा कोठडीत मृत्यू झाला. त्या ग्रंथाची शपथ वाहणाऱ्या प्रत्येकाला या मृत्यूचेही उत्तर देणे भाग आहे. गंगाखेडच्या व्यासपीठावर संत जनाबाईंचे नाव घेणाऱ्याची गोष्टही वेगळी नाही. ती दासी होती. लोकश्रद्धा सांगते की तिच्या जात्याला खुद्द विठ्ठलाने हात लावला. तिचे नाव घेणाऱ्याला ऊसतोडीसाठी गाव सोडणाऱ्या बायांकडे पाठ फिरवता येणार नाही.

देवाचे वा संताचे नाव ऐकून टाळी देण्यास हरकत नाही. मात्र त्या नावाने वक्त्याने स्वतःला कशाने बांधून घेतले, हे श्रोत्यांनी आधी पाहावे.