दगडू, सूरज आणि संकलनाचा हक्क

६ ऑक्टोबर २०२४, रविवार. नवरात्राचे दिवस. 'बिग बॉस मराठी'च्या पाचव्या पर्वाची अंतिम फेरी त्या रात्री झाली आणि बारामती तालुक्यातल्या मोढवे गावचा सूरज चव्हाण विजेता ठरला. दुसऱ्या दिवशी सकाळी माझा तृतीय वर्ष कलाशाखेचा तास होता. श्रीगोंदा तालुक्यातल्या आमच्या महाविद्यालयात येणारी बरीचशी मुले भीमेकाठच्या गावांतली. नदी ओलांडली की दौंड, त्यापुढे बारामती. म्हणजे मोढवे तसे शेजारचेच. वर्गात असा आनंद होता, की जणू घरातलेच कोणी निवडून आले आहे. आत्मचरित्र हा वाङ्मयप्रकार चालू होता आणि फळ्यावर दया पवारांच्या 'बलुतं'चे नाव मी आदल्या तासालाच लिहून ठेवले होते. मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, "मॅडम, दगडूनं आपलं दुःख सांगितलं, सूरजनंही सांगितलं. मग दगडूचं ते साहित्य आणि सूरजचा तो तमाशा, असं का?"

प्रश्न उद्धट नव्हता. 'तमाशा' हा शब्द मात्र मला टोचला. कांताबाई सातारकरांसारखी कलावंत ज्या जिल्ह्यात, संगमनेरात, राहून गेली, तिथल्या माणसाने तरी तो शब्द शिवीसारखा वापरू नये. पण तो शब्द तिचा नव्हताच. आम्हा प्राध्यापकांच्या खोलीतून तो वर्गापर्यंत झिरपला होता. 'उथळ', 'बाजारू', 'संस्कृतीचा ऱ्हास' ही आमची ठरलेली विशेषणे. ती वापरणाऱ्यांपैकी निम्मे जण रात्री तोच कार्यक्रम पाहतात, हे मला ठाऊक आहे. मीही पाहत होते. तेव्हा नाक मुरडून सुटका करून घेण्यापेक्षा त्या मुलीच्या प्रश्नाला सरळ सामोरे जाणे बरे.

या कार्यक्रमाचा मूळ आराखडा हॉलंडचा, १९९९ मधला. नाव ऑर्वेलच्या '१९८४' कादंबरीतून उचललेले. ज्या नावाची वाचकाला धास्ती वाटावी असे लेखकाला वाटत होते, ते नाव करमणुकीच्या पाटीवर लागले, यावर वेगळे भाष्य नको. २००६ मध्ये तो हिंदीत 'बिग बॉस' होऊन आला आणि २०१८ मध्ये मराठीत. पहिल्या मराठी पर्वाचे घर लोणावळ्याला होते, सूत्रसंचालक महेश मांजरेकर.

घरात कोणाला घ्यायचे हे कसे ठरते? आतल्या वाटाघाटी आपल्याला दिसत नाहीत, पण याद्या दिसतात. आणि साहित्याच्या विद्यार्थ्याला यादी वाचता आली पाहिजे. नाटकाच्या पहिल्या पानावरची पात्रयोजना वाचतो तशीच ही वाचावी. २०१९ च्या पर्वात लावणीसम्राज्ञी सुरेखा पुणेकर होत्या. २०२१ मध्ये कीर्तनकार शिवलीला पाटील, आंदोलक तृप्ती देसाई आणि आगरी गाण्यांचे 'दादूस' संतोष चौधरी. २०२४ मध्ये पुन्हा एक कीर्तनकार, पुरुषोत्तमदादा पाटील, मराठी चित्रपटातल्या ज्येष्ठ अभिनेत्री वर्षा उसगावकर, परदेशातून आलेली एक मॉडेल, 'इंडियन आयडॉल'चा पहिला विजेता अभिजीत सावंत, आणि सूरज. ही माणसांची यादी नव्हे, भूमिकांची आहे. जुन्या गावगाड्यात जसे प्रत्येकाचे काम जन्माने ठरलेले असे, तसे या घरात ते प्रवेशाआधीच ठरलेले असते. एकाने भांडावे, एकीने रडावे, एकाने विनोद करावा, एकाने स्वयंपाकघर सांभाळावे, आणि एकाने खेड्यातला भाबडा म्हणून कोपऱ्यात बसावे. ही बलुतेदारीच आहे, फक्त सुगीऐवजी पर्वाच्या हिशेबाने.

तृप्ती देसाईंचे उदाहरण आम्हा नगरकरांना अधिक कळते. शनिशिंगणापूर नेवासे तालुक्यातले. २०१६ मध्ये चौथऱ्यावर स्त्रियांना प्रवेश मिळावा म्हणून त्यांनी आंदोलन केले, आणि त्या वर्षीच्या गुढीपाडव्याला, ८ एप्रिलला, देवस्थानाने चौथरा स्त्रियांना खुला केला. त्या आंदोलनाविषयी आमच्या भागात आजही दोन मते आहेत. पाच वर्षांनी त्याच बाई एका कीर्तनकार तरुणीबरोबर एकाच घरात राहायला गेल्या. देवळाच्या चौथऱ्यासाठी भांडलेली स्त्री आणि देवळाच्या मंडपात कीर्तन करणारी स्त्री यांना एकत्र ठेवताना निवडणाऱ्यांच्या मनात संवाद असेल, असे मानण्याइतकी मी भोळी नाही. ठिणगी हवी होती. आंदोलनातले न्यायालय, कायदा, गावकऱ्यांचा रोष, पोलीस हे सगळे गळून पडले आणि 'लढाऊ बाई' एवढा नमुना शिल्लक राहिला.

शिवलीला पाटील प्रकृतीच्या कारणाने लवकरच बाहेर पडल्या आणि त्याच वर्षी त्यांनी वारकरी संप्रदायाची जाहीर क्षमा मागितली. त्यांनी तिथे जायला हवे होते का, यावर तेव्हा पुष्कळ वाद झाला. मला त्या वादापेक्षा दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. कीर्तनाला उभे राहिल्यावर अभंग कोणता घ्यायचा, दृष्टान्त कुठला द्यायचा, श्रोत्यांना कुठे हसवायचे आणि कुठे थांबायचे, हे कीर्तनकार ठरवतो. मागे टाळकरी आहेत, समोर हजारो माणसे आहेत, पण कथनाचा दोर त्याच्या हातात असतो. त्या घरात मात्र तो दोर हातातून जातो. जिभेवर सरस्वती असलेल्या माणसालाही तिथे आपले वाक्य कुठे सुरू झाले आणि कुठे तोडले गेले, हे कळायचा मार्ग नाही.

आतले जगणे पाहा. घड्याळ नाही, फोन नाही, वर्तमानपत्र नाही. वाचायला पुस्तक नाही, लिहायला कागद-पेनही सहसा नाही. सकाळ गाण्याने होते; रात्र दिवे मालवले की होते. गळ्यात माइक. आदेश देणारा आवाज ऐकू येतो, माणूस दिसत नाही. इंग्रजीत बोलले की तो आवाज मराठीत बोलायला सांगतो. एरवी आमच्या भाषेची एवढी काळजी कोणी घेत नाही, ही कबुली दिलीच पाहिजे. आठवड्याला सोबत्यांपैकी कोणाला बाहेर काढावे, हे नाव घेऊन आणि कारण देऊन सांगायचे. म्हणजे ज्याच्या हातची भाकरी सकाळी खाल्ली, त्याच्याविषयी दुपारी आरोपपत्र तयार करायचे. पंधरा-सोळा माणसे चोवीस तास. गुणाकार केला तर दिवसाला साडेतीनशेहून अधिक माणशी तास होतात. त्यातून रात्री आपल्याला साधारण एक तास दिसतो. बाकीचे जगणे कुठे जाते? कोणी भांडी घासताना गप्प राहिले, कोणी दुसऱ्याच्या डोक्याला तेल लावून दिले, कोणी नुसते छताकडे पाहत पडले. ते कोणाच्या कामाचे नाही.

आठवड्याच्या अखेरीला निवाडा. त्या भागाची नावे मुद्दाम पाहण्यासारखी आहेत: सुरुवातीला 'विकेंडचा डाव', मग 'चावडी', आणि रितेश देशमुख आल्यावर 'भाऊचा धक्का'. यातला 'चावडी' हा शब्द मला सर्वांत प्रामाणिक वाटतो. चावडीवर कोण बसत होते आणि कोण बाहेर उभे राहत होते, हे 'बलुतं' वाचणाऱ्याला वेगळे सांगायला नको. तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' शिकवताना मुले नेहमी विचारतात, की खेळ म्हणून सुरू झालेला खटला बेणारेबाईंच्या खऱ्या आयुष्यावर येतो कधी, ती रेषा नेमकी कुठे? ती रेषा दाखवता येत नाही, हेच त्या नाटकाचे बळ आहे. दाराची कडी बाहेरून अडकते आणि मंडळी आतच राहतात, ही तिथली साधी रंगसूचना. त्या नाटकातला प्रेक्षक निदान अवघडतो. इथला प्रेक्षक मत देतो आणि जेवायला उठतो.

अवघडण्याचे एक प्रसंग-टोक मात्र लोणावळ्यालाच घडले आहे. २००८ मध्ये हिंदी 'बिग बॉस'च्या दुसऱ्या पर्वात ब्रिटनची जेड गुडी आली होती. आदल्या वर्षी तिकडच्या अशाच घरात शिल्पा शेट्टीशी वर्णद्वेषी वागल्याबद्दल तिच्यावर जगभर टीका झालेली. तिला कर्करोग असल्याचे इथे, त्या घरातल्या खोलीत, कॅमेऱ्यासमोर कळले. मार्च २००९ मध्ये ती गेली. मधल्या काळात आपल्या लग्नाचे आणि अखेरच्या दिवसांचे चित्रण तिने स्वतः विकले, मुलांच्या तरतुदीसाठी. लोकांनी नावे ठेवली. मला त्यात एक भयंकर शहाणपण दिसते: आयुष्य विकले जाणारच असेल, तर निदान विक्रेता मी असेन.

वर्गात मी हे सगळे बोलले नाही. तास पन्नास मिनिटांचा असतो. मी त्या मुलीला 'बलुतं'च्या रचनेकडे परत नेले. पुस्तक १९७८ चे. लेखकाचे मूळ नाव दगडू मारुती पवार, गाव अकोले तालुक्यातले धामणगाव, आपल्याच जिल्ह्यातले. पुस्तकात दगडू बोलतो आणि दया पवार ऐकतो. एकाच माणसाचे हे दोन भाग लेखकाने का केले? कारण भोगणारा आणि सांगणारा यांच्यात अंतर हवे होते. धामणगावचा महारवाडा आणि मुंबईचा कावाखाना यांतले काय ठेवायचे, काय गाळायचे, कुठल्या लाजिरवाण्या गोष्टीवर अधिक रेंगाळायचे, हे सांगणाऱ्याने ठरवले. त्यासाठी स्वकीयांचा रागही ओढवून घेतला. म्हणजे दुःख सांगणे हा फरकाचा मुद्दा नाही. संकलन कोणी केले, हा आहे. मराठीत 'संकलन' हा शब्द ग्रंथासाठीही वापरतात आणि चित्रफितीसाठीही. माझे काम सोपे झाले.

सूरजच्या बाबतीत तर हे फारच उघड आहे. आईवडील लवकर गेले, शिक्षण फारसे झाले नाही. टिकटॉकवर तो प्रसिद्ध झाला तेव्हा लोक हसायचे त्याला, पण ती काही सेकंदांची चित्रफीत त्याची स्वतःची होती. कुठे उभे राहायचे, कोणता शब्द वाकवायचा, केस कसे उडवायचे हे त्याने ठरवलेले. जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली आणि खेड्यापाड्यातल्या अशा किती जणांच्या हातातले ते छोटे संकलनयंत्र एका रात्रीत गेले. चार वर्षांनी तो 'बिग बॉस'च्या घरात सत्तर दिवस राहिला. तिथे तो दिसला अधिक, पण त्याचे दिसणे दुसऱ्याने ठरवले. भोळेपणा हीच त्याची भूमिका होती आणि ती त्याने सोडू नये, अशी आपली सर्वांची इच्छा होती. तो जरा हिशेबी झाला असता, तर आपण त्याला मते दिली असती का? भारुडात सोंग घेणारा खेळ संपला की मुंडासे सोडतो आणि घरी जातो. स्वतःच्याच नावाचे सोंग घेतले, तर ते उतरवायचे कुठे? एप्रिल २०२५ मध्ये केदार शिंदे यांचा 'झापुक झुपूक' हा चित्रपट आला. त्याचे नावही सूरजच्याच लकबीतून घेतलेले.

उपविजेता होता अभिजीत सावंत. २००५ मध्ये त्याला देशाने आवाजासाठी निवडले होते. एकोणीस वर्षांनी त्याला या घरात घेतले ते 'अभिजीत सावंत' असण्यासाठी. यावर कोणीतरी कथा लिहायला हवी.

मी थांबले तेव्हा ती मुलगी म्हणाली, "पण मॅडम, दगडूला लिहिता येत होतं. आणि छापायला ग्रंथाली होती."

मी लक्ष्मीबाई टिळकांचे नाव घेतले. त्यांचेही रीतसर शिक्षण झाले नव्हते, त्याही काही वर्षे नगरला राहिलेल्या, आणि 'स्मृतिचित्रे' आजही आपण वाचतो. बोलता बोलता मलाच जाणवले, की हे उत्तर लंगडे आहे. लक्ष्मीबाईंच्या घरात रेव्हरंड टिळकांसारखा कवी होता, लिहायला लावणारा मुलगा होता. दर घरात तसे कोणी नसते. तास संपल्याची घंटा झाली, हे बरे झाले.

कारण त्या क्षणी मला दुसरीच एक विद्यार्थिनी आठवत होती. सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. गाणारी मुलगी, आवाज खरोखर चांगला. एका वाहिनीच्या गाण्याच्या स्पर्धेसाठी तिने अर्ज भरला होता आणि त्यातले 'माझा जीवनप्रवास' हे टिपण शुद्धलेखन तपासायला माझ्याकडे आणले. पुढे तिला फोन आला; गाण्याविषयी थोडे विचारले आणि घरी येऊन चित्रीकरण करता येईल का, आई वडिलांविषयी कॅमेऱ्यासमोर बोलेल का, याविषयी पुष्कळ. आईने साफ नकार दिला. त्यानंतर फोन आला नाही. त्या वाहिनीवर मी तेव्हा फार चिडले होते, सहकाऱ्यांपुढे तावातावाने बोललेही होते.

त्या टिपणाची झेरॉक्स माझ्या कपाटात आहे. परवा काढून पाहिली. तिने सुरुवात केली होती शाळेतल्या प्रार्थनेपासून, बाईंनी पेटीवर बोट धरून सूर दाखवला तिथून. वडिलांचे कर्ज आणि दुष्काळाचे ते वर्ष शेवटून दुसऱ्या परिच्छेदात, दोन ओळींत होते. त्या दोन ओळींभोवती लाल शाईने चौकट आहे, तिथून पानाच्या माथ्यापर्यंत एक बाण ओढलेला आहे, आणि समासात माझ्या अक्षरात लिहिले आहे : 'हे आधी घे. आणि थोडे वाढव.'