'सर्व्हर सुरू होता' हे उत्तर नव्हे

पोस्ट जरा मोठी आहे आणि विषय कोरडा वाटेल. पण दाखल्यासाठी, शिष्यवृत्तीसाठी, पीकविम्यासाठी सेवा केंद्राच्या बाकड्यावर ज्यांनी अर्धा दिवस काढलाय, त्यांनी वाचाच.

शेवटची तारीख जवळ आली की आपल्याकडे बातमी ठरलेली: सर्व्हर डाउन. इतक्यांदा लिहिलीय की मथळा बदलायचाही कंटाळा येतो. दुसऱ्या दिवशीचा खुलासाही ठरलेला: 'पोर्टल सुरळीत सुरू होते.' गंमत अशी की बऱ्याचदा दोघंही खरं बोलत असतात.

ही पोर्टलं हल्ली क्लाउडवर असतात, म्हणजे दूरच्या डेटा सेंटरमधल्या भाड्याच्या यंत्रांवर. क्लाउडवाला स्वतःहून थोडेच आकडे देतो: प्रोसेसरवर ताण किती, डेटा किती आला-गेला, यंत्र जिवंत आहे का. ॲमेझॉनच्या क्लाउडवर तर सर्व्हरची मेमरी किती भरली हेसुद्धा आपोआप कळत नाही, त्यासाठी वेगळा एजंट बसवावा लागतो. मग पोराला ओटीपी आला का, फोटो चढला का, पैसे कापल्यावर पावती निघाली का, हे त्याला कुठून कळणार? पावती म्हणजे काय हेच त्या यंत्राला ठाऊक नाही. ते पोर्टल बनवणाऱ्यानेच कोडमध्ये सांगून ठेवायचं असतं. अर्ज उघडला, मोज. ओटीपी मागितल्यापासून भरेपर्यंत किती सेकंद गेले, मोज. पैसे आले पण पावती नाही, मोज. याला कस्टम मेट्रिक म्हणतात. कोणी मागितलं नाही तर कोणी लिहीत नाही.

खर्च? ॲमेझॉनच्या क्लाउडवॉचमध्ये असा एक आकडा ठेवायला महिन्याला साधारण ०.३० डॉलर पडतात. तालुकावार हवा असेल तर प्रत्येक तालुक्याचा आकडा वेगळा धरतात. राज्यात ३५८ तालुके. प्रत्येकी पाच आकडे धरले तर १७९०, म्हणजे ५३७ डॉलर, महिन्याला पन्नास हजार रुपयांच्या आसपास. एखाद्या उद्घाटनाच्या मांडवाला याहून जास्त जातात.

आता कोविनची आठवण काढा. २८ एप्रिल २०२१, दुपारी चार. १८ ते ४४ वयाच्यांची नोंदणी सुरू झाली आणि सगळा देश मोबाइलला चिकटला. ओटीपी येईना, पान उघडेना. नंतर सरकारने आकडे दिले: तीन तासांत ३८ कोटींवर एपीआय हिट्स, ८० लाखांवर नोंदणी. आकडे अभिमानाने सांगितले गेले. पण भागाकार केला तर एका नोंदणीमागे पन्नासच्या जवळपास हिट्स. एका नोंदणीला काही हिट्स लागतातच, मान्य. पण घाबरलेला माणूस वीस वेळा बटण दाबतो तेव्हा त्याही वीस हिट्सच मोजल्या जातात. किती जण हात हलवत परत गेले, हा आकडा त्यात कुठे होता?

आणि सरासरी सांगू नका. पहाटे दोनला झटकन उघडणारं पान दुपारी बाराला चार मिनिटं घेतं, सरासरीत ते झाकलं जातं. शंभरातल्या सगळ्यात मागे राहिलेल्या पाच जणांना किती वेळ लागला, ते सांगा. ते पाच जण बहुतेक आपल्याच गावचे निघतील. 'तुमचंच नेट खराब' असं म्हणायचं असेल तर तेही याच आकड्यांवरून ताडून बघता येईल.

माझा खरा राग पुढे आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ प्रमाणे ठरलेल्या मुदतीत सेवा दिली नाही तर अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड होऊ शकतो. कायदा चांगला आहे. पण मुदत मोजतात पूर्ण अर्ज मिळाल्यापासून. अर्ज पोर्टलच्या घशातच अडकला तर अर्ज क्रमांक नाही, क्रमांक नाही तर मुदत नाही, मग अपील कशावर करणार? तीन हेलपाटे मारलेल्या बाईचे तीन दिवस कुठल्याच कागदावर उमटत नाहीत. उलट अहवालात येतं की आलेले अर्ज वेळेत निकाली.

म्हणून पोर्टलच्या टेंडरमध्येच अट हवी: किती अर्ज सुरू झाले, किती पूर्ण झाले, किती कुठल्या पायरीवर अडकले, हे तालुकावार रोज मोजायचं आणि लोकांना दिसेल असं लावायचं. कंपनीचं बिलही यंत्र चालू राहण्यावर नको, अर्ज पूर्ण होण्यावर निघू दे.

पुढचा खुलासा आला की मी एवढंच विचारणार आहे: काल आपल्या तालुक्यातून किती जणांनी अर्ज उघडला आणि किती जणांच्या हाती क्रमांक पडला? तुम्हीही विचारा. आणि अर्ज अडकला तर वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट काढून ठेवा, फक्त आधार नंबर झाकून.