श्रमाची वाटणी घरातही हवी



हुतात्मा बाबू गेनू यांचे महाळुंगे पडवळ हे माझे माहेर. मागच्या महिन्यात चार दिवस तिकडे राहून आले. घरात दोन दुखणी होती. दादाची रक्तातली साखर वाढलेली आणि वहिनीची कंबर धरलेली.

डॉक्टरांनी दादाला रोज चालायला सांगितले होते. "वेळ कुठे मिळतो?" असे म्हणत दादाने मोटारसायकल काढली आणि काडेपेटी आणायला चौकात गेला. तोवर वहिनी दोन हंडे पाणी भरून, भाकरी थापून, खुरपे घेऊन कांद्याच्या वावराकडे निघालीसुद्धा. भाची मला म्हणाली, "आत्या, आई कधी बसत नाही आणि बाबा कधी उठत नाहीत."

लेकराने नेमके दुखणे सांगितले. एकाच घरात एकाला कष्ट फार, दुसऱ्याला हालचालच नाही. आणि आजारी मात्र दोघेही!

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले आहे की मोठ्या माणसाने आठवड्याला निदान १५० मिनिटे अंग हलते ठेवावे. म्हणजे रोज अर्धा तास, असे पाच दिवस. चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतका वेग असावा. शिवाय दोन दिवस ताकदीचे काम करावे. मुलांनी तर रोज सरासरी तासभर खेळावे. हे सलग केले पाहिजे असेही नाही. दहा-दहा मिनिटे मिळून अर्धा तास झाला तरी चालतो. त्यासाठी व्यायामशाळा लागत नाही. पाण्याचे हंडे आणि गोठ्यातले शेण पुरेसे आहे!

त्या रात्री जेवणानंतर आम्ही भिंतीवरचे कॅलेंडर खाली घेतले आणि कामे वाटली. पाणी आणि गोठा दादाकडे. रात्री जेवण झाल्यावर बापलेकीने वस्तीतल्या रस्त्यावर पंधरा मिनिटे फिरायचे. जेवणानंतर चालले की साखर कमी चढते. आपले कपडे भाच्याने स्वतः धुवायचे. आईने ओट्यावर बसून लसूण सोलता सोलता पाय हलवायचे, आणि कुणाचा तरी हात धरून अंगणात चार फेऱ्या मारायच्या. वहिनीला मात्र वेगळा व्यायाम नको. तिने दुपारी अर्धा तास आडवे पडायचे आणि खुरपताना मधून मधून उठून पाठ सरळ करायची.

काही गोष्टींची काळजी घ्या. आपल्या भागात उसाच्या कडेला बिबट्याची भीती असते. तेव्हा अंधारात शेतरस्त्याने फिरू नका. दिव्याच्या, वर्दळीच्या रस्त्यानेच जा आणि लहान मुलांना पुढे पळू देऊ नका. साखर असलेल्यांनी अनवाणी चालू नये, रोज तळपाय पाहावेत, खिशात खडीसाखर ठेवावी आणि गोळ्या मनाने बंद करू नयेत. कंबरेची कळ पायात उतरत असेल किंवा पाय बधिर होत असेल तर डॉक्टरांना दाखवावे.

महिन्यातला एक रविवार सहकुटुंब लेण्याद्रीला जायचे, असेही ठरले. जवळजवळ तीनशे पायऱ्या सावकाश चढायच्या. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी त्या डोंगरात भिक्खू राहत होते. चंक्रमणाचे, म्हणजे चालण्याचे, पाच लाभ तथागतांनी आपल्या काळातल्या भिक्खूंना सांगितले होते : प्रवास झेपतो, कष्ट सोसतात, आजार कमी होतात, खाल्लेले पचते आणि साधलेली एकाग्रता टिकते. आजचे डॉक्टर याहून वेगळे काय सांगतात?

परवा वहिनीचा फोन आला. पहिल्या दिवशी दादा हंडा घेऊन नळावर गेला तेव्हा चारचौघे हसले. दोन दिवस तो लाजून अंधारातच पाणी भरत होता. आता उजाडल्यावर भरतो. साखर किती उतरली ते पुढच्या तपासणीत कळेल. वहिनीची कंबर अजून दुखते, "पण वन्सं, सकाळचा चहा आता बसून पिते," असे ती म्हणाली.

भगिनींनो, येत्या रविवारी तुम्हीही कॅलेंडर खाली घ्या. घरात कोण बसत नाही आणि कोण उठत नाही, हे आधी मुलांना विचारा. ती खरे सांगतील.