थैलीची नाडी कुणाच्या हाती?



पैसे ठेवायच्या पिशवीला आपल्याकडे शब्दांचा तोटा नाही. बाजारला निघालेला गडी कमरेला कसा बांधायचा, म्हातारीच्या कमरेला बटवा खोचलेला असायचा, पान-तंबाखूच्या चंचीतही चार नाणी सापडायची. पण थैली म्हटलं की रक्कम मोठी, आणि पुष्कळदा ती चारचौघांनी मिळून जमवलेली. म्हणून थैली अर्पण होते. बटवा कुणी अर्पण करीत नाही.

लोकमान्य टिळकांना १९१६ साली साठ वर्षे पूर्ण झाली, तेव्हा पुण्यात लोकांनी त्यांना एक लाख रुपयांची थैली दिली. त्यांनी ती स्वतःकडे न ठेवता देशकार्याला दिली. थैलीला मान मिळाला तो अशा माणसांमुळे.

पुढे त्याच शब्दाला 'शाही' चिकटली आणि त्याची शिवी झाली. थैलीशाही म्हणजे ज्याची थैली जड, त्याचंच खरं. आपल्या वाडवडिलांनी ती सोसली आहे. गूळ आपला, पण भाव ठरायचा रुमालाखाली बोटं दाबून, आणि धनी नुसता बघत उभा!

ही थैलीशाही मोडायला सहकार आला. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरेच्या कारखान्याचे गाळप १९५०-५१ च्या हंगामात सुरू झाले. त्याच्या भांडवलात शेतकऱ्यांनी पै-पै करून घेतलेले शेअर होते. नियमही असा, की शेअर एक असो वा पन्नास, मत एकच. थैलीचं वजन मतपेटीत धरायचं नाही.

आता उसाचे बिल थेट बँकेत जमा होते. थैली डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तिची नाडी कुणाच्या हातात आहे हेही आपण बघेनासे झालो आहोत. ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे मिळावेत, उशीर झाल्यास वर्षाला १५ टक्के व्याज द्यावे, असे १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाने ठरवले. हे आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे? बिलातून ठेव कापली, तर ती परतीची की बिनपरतीची, व्याज किती, परत कधी, हे किती जण विचारतात? वार्षिक सभेत अहवालाचं पान न उलटता 'मंजूर, मंजूर' म्हणायचं आणि चहाकडे वळायचं, अशानं कसं भागेल?

आणखी एक, जरा कडू बोलतो. निवडणुकीच्या आदल्या रात्री जे पाकीट घरी येतं, ती थैलीशाहीच आहे, फक्त आकारानं लहान. ते घेतलं की पुढची पाच वर्षं हिशेब विचारायला तोंड उरत नाही.

तेव्हा आमची विनंती एवढीच: येत्या सभेला अहवाल वाचून या, आपली बिलं बरोबर आणा आणि उभं राहून विचारा. थैली आपल्या घामाची आहे. तिची नाडी आपणच धरायला हवी.