उकळलेल्या दाण्याची साक्ष

रुजणाऱ्या बीला अन्न कोठून मिळते, असे विचारले तर ‘मातीतून’ हे उत्तर हमखास येते. ते खरे नाही. पहिली हिरवी पाने कामाला लागेपर्यंत कोंब दाण्यातील शिदोरीवरच जगतो. गव्हाच्या दाण्यात ही शिदोरी मुख्यतः पिष्टाच्या, म्हणजे स्टार्चच्या रूपात असते. पिष्ट थंड पाण्यात विरघळत नाही. त्यामुळे ते कोंबापर्यंत तसेच पोचू शकत नाही. दाणा भिजला की भ्रूणाकडून जिबरेलिन हे संप्रेरक दाण्याच्या सालीलगतच्या थरात जाते. तेथे अमायलेज नावाचे पाचक विकर तयार होते व ते पिष्टाचे विघटन करून साखर बनवते. मनुष्याच्या लाळेतही याच जातीचे विकर असते. पायेन आणि पेर्सो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी १८३३ मध्ये मोड आलेल्या जवापासून असा विकरयुक्त पदार्थ वेगळा केला होता.

ही माहिती पाठ करून परीक्षा देता येते. पुष्कळ ठिकाणी तसेच होते. प्रयोगवही तर दुसऱ्याची पाहून उतरवली जाते. वास्तविक या प्रयोगाला प्रयोगशाळेची गरज नाही. थोडे कॉर्नफ्लोअर आणि चायना ग्रास पाण्यात उकळून ते दोन बशांत ओतावे व गोठू द्यावे. दोन दिवस मोड आणलेले गहू उभे चिरून त्यांची कापलेली बाजू पहिल्या बशीतील थरावर टेकवावी. दुसऱ्या बशीत तसेच दाणे, परंतु दहा मिनिटे उकळून थंड केलेले, ठेवावेत. बशा झाकाव्यात. दुसऱ्या दिवशी दाणे उचलून थरावर औषधाच्या दुकानातील आयोडीनचे द्रावण पातळ करून ओतावे. (हे दाणे अर्थातच खाण्याचे नव्हेत.) पिष्ट असते तेथे गडद निळा रंग येतो. पहिल्या बशीत दाण्यांच्या जागी निळेपणा नसलेली वर्तुळे दिसतात. दुसरी बशी मात्र सर्वत्र निळी होते.

वेळ वाचवण्यासाठी अनेकजण ही दुसरी बशी गाळतात. ही काटकसर प्रयोगाच्या मुळावर येते. दाण्याच्या ओलाव्यानेच पिष्ट निघून गेले, अशी शंका कोणी काढली तर एकट्या पहिल्या बशीजवळ उत्तर नसते. उकळलेला दाणाही तितकाच ओला असतो. फरक एवढाच, की विकर हे प्रथिन असल्याने उष्णतेने ते निकामी झालेले असते.

घरातील अनुभवालाही हीच कसोटी लावता येते. बाळाची दाट पेज चुलीवरून उतरवून कोमट झाल्यावर तिच्यात मोड आणून वाळवलेल्या नाचणीचे थोडे पीठ कालवले, की ती काही मिनिटांत पातळ होते. पाणी न वाढवता पेज गिळण्याजोगी होते, आणि लहानशा पोटात अधिक अन्न जाते. हा गुण नाचणीचा की मोडांचा, हे ठरवायचे असेल तर एका वाटीत मोड आलेल्या नाचणीचे पीठ आणि दुसरीत बिनमोडाच्या नाचणीचे पीठ घालून पाहावे.