खांबावरची वीज की छपरावरची?

गळीत हंगाम उरकत आला, उसाची बिले खात्यावर जमा होऊ लागली, की गावोगाव विक्रेते फिरू लागतात. पूर्वी मोटारसायकलचे आणि टीव्हीचे एजंट यायचे. हल्ली सौर संच विकणारे येतात. हातात रंगीत पत्रक आणि तोंडात एकच वाक्य, "तार तोडा, बिल विसरा!"

परवा गट कार्यालयात एक वडीलधारे सभासद भेटले. वस्तीवर राहतात. म्हणाले, "डीपी जळाली की आठ-आठ दिवस अंधार. उसात बिबट्या फिरतोय, रात्री दारात दिवा नको का? पोरगा म्हणतो, बॅटऱ्या बसवू आणि मीटर काढून टाकू. उसाचा पहिला हप्ता आलाय. काय करू सांगा."

आम्ही म्हणालो, "अण्णा, पैसे द्यायच्या आधी चार दिवस थांबा. आधी हिशेब मांडू." तो हिशेब एकट्या अण्णांच्या कामाचा नाही, म्हणून येथे सर्व सभासदांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम एक गोष्ट कबूल करू. अण्णांची तक्रार खोटी नाही. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० साली स्थापन झाले आणि पुढच्या काळात गावोगाव खांब उभे राहिले. २००५ साली मंडळाचे विभाजन होऊन वितरणाचे काम महावितरण कंपनीकडे आले. गावठाणात आता बऱ्यापैकी वीज असते. पण शेतातल्या वस्त्यांचे दुखणे निराळे आहे. कित्येक घरांचा दिवा शेतीपंपाच्या लाइनीवर अवलंबून असतो. पाळी असेल तेव्हा वीज, नाही तर नाही. दाब इतका कमी की पंखा फिरतो की नुसता हलतो, ते कळत नाही. अशा माणसाला कोणी "तार तोडा" म्हणाले, तर त्याला ते पटणारच. त्यात त्याचा दोष नाही.

आता हिशेब. एका मध्यम कुटुंबाला फ्रीज, पंखे, दिवे, टीव्ही, मिक्सर, पाण्याची लहान मोटर धरून दिवसाला सुमारे ५ युनिट वीज लागते असे समजू. एक किलोवॉटचे सौर पॅनेल आपल्याकडे वर्षाच्या सरासरीने दिवसाला ४ युनिटांच्या आसपास वीज देते. म्हणजे दोन किलोवॉट बसविले की काम भागले, असे कागदावर दिसते. विक्रेता येथपर्यंतच सांगतो.

पण ऊन दिवसा असते आणि दिवा रात्री लागतो. तार तोडली की दिवसाची वीज रात्रीसाठी साठवावी लागणार. ती साठवायची बॅटरीत. बाजारात सर्रास मिळणारी १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवर क्षमतेची बॅटरी घेतली तर तिच्यात पूर्ण भरल्यावर १.८ युनिट वीज मावते. त्यातली निम्मीच वापरावी, रोज तळ गाठला तर बॅटरी लवकर मरते. म्हणजे हाती आले ०.९ युनिट. जुलै-ऑगस्टात झड लागली आणि दोन दिवस सूर्यदर्शन झाले नाही, तर घराला १० युनिट साठा पाहिजे. भागाकार करा. अकरा बॅटऱ्या होतात!

हिशेबासाठी एका बॅटरीचे १५,००० रुपये धरू. अकरांचे झाले १,६५,०००. नीट सांभाळल्या तर चार-पाच वर्षे चालतील. पाच वर्षे चालल्या असे धरले तरी महिन्याला २,७५० रुपये नुसते बॅटऱ्यांच्या झिजेचे झाले. पॅनेल आणि इन्व्हर्टर यांचे पैसे निराळेच. दिवसाला ५ म्हणजे महिन्याला १५० युनिट. आपले १५० युनिटांचे बिल काढून या आकड्याशेजारी ठेवा, म्हणजे "बिल विसरा" याचा खरा अर्थ समजेल. बिल विसरायचे नाही, ते फक्त पाच वर्षांनी एकदम भरायचे. पॅनेल पंचवीस वर्षे टिकते हे खरे. पण तेवढ्या काळात बॅटऱ्यांचे पाच संच लागतील, हे पत्रकात छापलेले नसते.

लिथियमच्या बॅटऱ्या अधिक वर्षे टिकतात, त्यांतली बरीचशी वीज वापरता येते आणि त्यांना पाणी घालावे लागत नाही. त्यांचा भावही उतरत आहे. तरी सुरुवातीची रक्कम मोठी असते आणि झडीचे दोन दिवस काढायचे म्हटले की तेथेही साठा वाढवावाच लागतो.

बॅटऱ्यांची निगा हा आणखी एक विषय. आमच्या घरी तीन बॅटऱ्यांचा संच होता. खरिपाच्या धांदलीत डिस्टिल्ड वॉटर घालायचे राहून गेले. तिसऱ्या पावसाळ्यात तिन्ही बॅटऱ्या बसल्या. दोष विक्रेत्याचा नव्हता, आमचाच होता. पण बैलाला वैरण घातली नाही तर तो हंबरतो. बॅटरी बिचारी न बोलता मरते.

मग छपरावरची वीज वाईट काय? मुळीच नाही. वाईट आहे ती तार तोडण्याची घाई. सहवीजनिर्मिती करणाऱ्या साखर कारखान्यांचेच उदाहरण घ्या. एक टन ऊस गाळला की साधारण २८० ते ३०० किलो बगॅस निघतो. तो बॉयलरमध्ये जाळून कारखाना हंगामात स्वतःची वीज करतो आणि उरलेली जाळ्यात देतो. हंगाम संपला की तोच कारखाना दुरुस्तीच्या कामासाठी जाळ्यातून वीज घेतो. एवढा मोठा टर्बाइन असूनही कोणताही शहाणा कारखाना बाहेरची तार कापून टाकीत नाही. मग दोन किलोवॉटवाल्याने ती का कापावी?

घरासाठीही हीच रीत आता उपलब्ध आहे. छपरावर पॅनेल बसवायचे आणि दुहेरी मोजणीचे मीटर लावायचे, म्हणजे नेट मीटर. दिवसा जास्त झालेली वीज जाळ्यात जाते, रात्री तेथून परत येते आणि वजाबाकी करून बिल होते. साठवण्याचे काम जाळेच करते. शिवाय फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत केंद्र सरकारचे अनुदान एक किलोवॉटला ३०,००० रुपये, दोनला ६०,००० आणि तीन किंवा अधिक किलोवॉटला ७८,००० रुपये असे ठेवलेले आहे. हे अनुदान जाळ्याला जोडलेल्या संचालाच आहे. मीटर काढून टाकणाऱ्याला त्यातला छदामही मिळत नाही. वस्तीवरच्या घराने अर्ज करायचा तर घराचे स्वतःचे घरगुती वीजजोड हवे. पंपाच्या लाइनीवरचा दिवा येथे चालणार नाही. अर्ज करताना योजनेची त्या दिवशीची स्थिती मात्र महावितरणच्या कचेरीत विचारून घ्यावी.

या पद्धतीतही दोन गोष्टी विक्रेता सांगत नाही, त्या आम्ही सांगतो. पहिली, बिल अगदी शून्य होत नाही. स्थिर आकार भरावाच लागतो. साल संपताना, म्हणजे ३१ मार्चला, शिल्लक राहिलेल्या युनिटांचा दर फार किरकोळ मिळतो. म्हणून गरजेपेक्षा मोठा संच बसवून वीज विकून श्रीमंत होऊ, हा विचार सोडावा. १५० युनिटांच्या घराला दीड-दोन किलोवॉट पुष्कळ झाले.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. साधा नेट मीटरचा संच गावची वीज गेली की भर उन्हातसुद्धा बंद पडतो! पुष्कळांना वाटते, संच बिघडला. तो बिघडलेला नसतो. लाइन बंद करून वायरमन खांबावर चढलेला असतो. त्या वेळी आपल्या छपरावरची वीज तारेत गेली, तर त्याचा जीव जाईल. म्हणून संच आपोआप बंद व्हावा अशी त्याची रचनाच आहे. तेव्हा ज्या वस्तीवर वीज वारंवार जाते, तेथे नुसता साधा संच घेऊन भागणार नाही. तेथे हायब्रीड इन्व्हर्टर आणि जोडीला एक-दोन बॅटऱ्या घ्याव्यात. त्यांवर फ्रीज-मोटर न चालविता फक्त दिवे, पंखे आणि मोबाइल चालवावेत. डीपी जळाली तरी दारातला दिवा लागेल, पोरांचा अभ्यास होईल. अण्णांची खरी गरज एवढीच होती. त्यासाठी अकरा बॅटऱ्या नकोत.

आता ज्यांच्या घरापर्यंत खांबच आलेला नाही, त्यांचे काय? मागेल त्याला वीजजोड देणे ही २००३ च्या वीज कायद्याच्या कलम ४३ प्रमाणे वितरण कंपनीची जबाबदारी आहे. तेव्हा अर्ज अवश्य करावा, पोच घ्यावी आणि पाठपुरावा सोडू नये. पण तोवर अंधारात बसावे असे आम्ही म्हणणार नाही. अशा घराला स्वतंत्र सौर संच हाच खरा आधार आहे. तो लहान असावा. नऊ वॉटचे चार एलईडी दिवे पाच तास, तीस वॉटचा कमी विजेवर चालणारा एक पंखा आठ तास, टीव्ही तीन तास आणि मोबाइल, एवढे सर्व सुमारे ०.६ युनिटांत बसते. त्याला ३३० वॉटच्या आसपासचे एक पॅनेल आणि वर सांगितलेली एक बॅटरी पुरते. झडीच्या दिवसांत टीव्ही बंद ठेवला की झाले. आणि बॅटरी बदलण्यासाठी दर महिन्याला ३०० रुपये बाजूला टाकावेत. पाच वर्षांनी हात पसरावे लागणार नाहीत.

थोडक्यात आमचे मत असे. दारात तार आहे त्याने ती तोडू नये, तिच्या जोडीला पॅनेल बसवावे. तार आहे पण भरवशाची नाही, त्याने गरजेपुरती बॅटरी जोडावी. तार नाहीच, त्याने लहान स्वतंत्र संच घ्यावा आणि खांबाचा अर्जही चालू ठेवावा. आणि तिघांनीही सर्वांत आधी जुने पंखे आणि दिवे बदलावेत. न जळालेला युनिट सर्वांत स्वस्त पडतो.

बसविताना काही पथ्ये पाळावीत. नारळाची किंवा टाकीची सावली पॅनेलवर नको, थोडी सावलीसुद्धा बरेच उत्पादन खाते. आपल्या भागात हंगामात काजळी फार. कारखान्याची धुराडी आणि शेतात पेटविलेले पाचट, दोन्हींची काजळी पॅनेलवर बसते. सकाळी लवकर, पॅनेल तापण्याआधी साध्या पाण्याने धुवावे. वळवाच्या वाऱ्यात सांगाडा उडणार नाही इतका पक्का हवा. अर्थिंग आणि वीजरोधक यांत काटकसर करू नये. दुरुस्तीला माणूस कोठून आणि किती दिवसांत येणार, हे पावतीवर लिहून घ्यावे. तोंडी वचनावर पहिला हप्ता देऊ नये.

शेवटी एक सूचना. आपण एकेकट्याने ऊस घालीत होतो, तेव्हा गुऱ्हाळवाला आणि व्यापारी भाव ठरवीत. एकत्र आलो तेव्हा कारखाना उभा राहिला. येथेही तेच करावे. एका वस्तीवरच्या दहा घरांनी मिळून एकच संच-प्रकार निवडला, एकत्र दर मागितले, एकाच दुरुस्तीवाल्याशी करार केला, तर भाव उतरेल आणि माणूस वेळेवर येईल. दहा अर्ज एकदम गेले तर कमी दाबाच्या डीपीचा प्रश्नही कचेरीत कोणी सहज बाजूला सारणार नाही. ज्याने तार तोडली, त्याचा मात्र हा आवाज गेला. त्याच्या मागे राहिलेल्या नऊ जणांचाही तेवढा कमी झाला. कारखान्याच्या विद्युत विभागाने महिन्यातून एक दिवस सभासदांच्या संचांची कागदपत्रे पाहून सल्ला द्यावा, असा ठराव येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत कोणीतरी मांडावा. आम्ही त्याला अनुमोदन देऊ.

अण्णांनी मीटर ठेवले आहे. मुलाने आधी तोंड वाकडे केले, पण कागदावरच्या अकरा बॅटऱ्या पाहून तोही गप्प बसला. आता बापलेक मिळून वस्तीवरची बाकीची नऊ घरे शोधताहेत.